पुन्हा कशाला ज्यू व्हायचं?

पन्नाशी उलटली तरी आई तिला बेबीच म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही बेबीताई म्हणत. तिचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. प्रार्थनाघराचे नवे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, आले तेव्हा ती एका कोटाच्या कॉलरवर वाफेची इस्त्री फिरवत होती. कोट त्यांचाच. पण ते भलतंच बोलायला लागले.

"तुमच्या मुलीचं लग्न मला लावता येणार नाही. निदान इतक्यात तरी नाही."

"का? मुलगा ज्यू, मुलगी ज्यू."

"तिथेच अडतंय."

बेबीच्या आईला लग्नाआधी ज्या रब्बींनी धर्मात घेतलं होतं, त्यांनी केलेली धर्मांतरं आता रब्बींचं वरचं मंडळ मानत नव्हतं. ज्यूपण आईकडून येतं. आजी नाही, म्हणून बेबी नाही, म्हणून मुलगीही नाही.

"साधी गोष्ट आहे," रब्बी म्हणाले. "तिघींनी विधीच्या हौदात बुडी मारून रीतसर धर्मात यायचं. अर्ध्या तासाचं काम."

"आणि हे माझ्या आईला कोण सांगणार?"

रब्बींनी कोट उचलला आणि काढता पाय घेतला.

सांगावं बेबीलाच लागलं. आजी मटार सोलत होती, ती थांबली.

"अर्ध्या तासाचं काम म्हणे! मी आईबापाचं घर सोडून आले. बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. शनिवार पाळला, त्या दिवशी कधी गॅस पेटवला नाही, धर्मात चालत नाही ते खाणं घरात येऊ दिलं नाही. आणि हा कालचा पोरगा म्हणतो, मी आलेच नाही? मग इतकी वर्षं मी होते कुठे?"

"आजी, माझ्यासाठी मार ना एक बुडी," नात म्हणाली.

"तू मार की, तुला कोण अडवतंय? मी मारली तर तुझा आजोबा जन्मभर परक्या बाईबरोबर राहिला, असं कबूल केल्यासारखं होईल."

नात पाय आपटत आत गेली. मटाराचे दाणे भांड्यात जोरजोरात पडू लागले. बेबीचं डोकं उठलं. होणारा जावई शनिवारी सकाळी फुटबॉल खेळायचा, प्रार्थनेची एक ओळ त्याला धड येत नव्हती. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याची आई मात्र रोज फोन करून विचारायची, "काय ठरलं मग?" शेवटी वैतागून नातीने एकटीनेच हौदात उतरायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात दुपारी दुकानात रब्बींच्या बायकोचा फोन आला.

"बेबीताई, शाळेच्या बाई गेल्या. अंघोळ घालायला आम्ही दोघीच आहोत. तुमच्या आईंना पाठवाल?"

त्यांच्यात बाई गेली की ज्यू बायकाच तिला अंघोळ घालून पांढरे कपडे चढवत. आजी कित्येक वर्षं हे काम करत आली होती. शिवाय बाई तिची जिवाभावाची मैत्रीण.

"माझ्या हातचं चालेल का, विचार त्यांना," आजी फणकारली. पण बोलता बोलताच ती पायाने चपला शोधत होती.

बेबी आणि नात अंघोळीच्या खोलीबाहेर बाकावर थांबल्या. बऱ्याच वेळाने आजी बाहेर आली. बाह्या ओल्या, डोळे लाल. रब्बी पुढे झाले.

"मोठं काम केलंत, आजी."

नात ताडकन उठली. "मेलेल्यांना ती चालते, मग माझ्या लग्नाला का चालत नाही?"

रब्बी चाचरले. "नियम काही मी केलेला नाही."

"पण फोन तुमच्याच घरून आला."

"पुरे," आजी म्हणाली. "ती आत आहे. इथे भांडू नका."

घराजवळ आल्यावर नात म्हणाली, "आई, मी नाही जाणार हौदावर."

शेजारच्या शहरातले एक रब्बी तिला आहे तशी ज्यू मानून लग्न लावायला तयार झाले. "तुमच्या मुलांनाही इथे हाच त्रास होईल," असं इथल्या नव्या रब्बींनी नातीला बजावलं. ते खोटं नव्हतं, आणि बेबीला त्याचाच जास्त राग आला. विहीणबाई हटून बसल्या, लग्न आपल्याच प्रार्थनाघरात झालं पाहिजे. तेव्हा जावयाने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "मग तूच कर तिथे लग्न."

लग्नाच्या दिवशी शेजारच्या शहरातही आजीची कुरकुर चालूच होती. बाक कडक, रब्बींचा आवाज बारीक. मंगलविधी सुरू होणार इतक्यात नव्या रब्बींची बायको एकटीच आत आली आणि जागा शोधू लागली.

"नवरा कुठे?" आजीने विचारलं.

"घरी. त्यांना सांगून आलेय."

आजीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा दिली.