देठाजवळचा वास

"नुसता उभा काय राहिलास? पेटी उघड," अलका खेकसली.

तन्मय कंपनीचा मॅनेजर. पण तो एकोणतीस वर्षांचा, अलका सत्तावन्नची, आणि दोघंही कोलकात्यातली मराठी माणसं. त्यामुळे हुद्दा राहिला बाजूला आणि ती त्याची काकू होऊन बसली. त्यानं निमूटपणे पेटीचे खिळे उपसले. पेंढ्यात पिवळेधमक हापूस होते.

"वा! लिहून टाका, काकू. अकराच्या आत खबर गेली पाहिजे. न्यू टाउनचे दोन हॉटेल वाट बघत आहे."

"दोन हॉटेलं. बघतायत."

"तेच ते."

जन्म इथला, शाळा इथली, मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर. त्याला तरी किती बोलणार? पण अलकाला आज कुणालातरी बोलायचंच होतं.

सियालदहजवळच्या या गोदामातून शहरभरच्या हॉटेलांना निवडक फळं-भाज्या जात. काय आलं, काय अजून कच्चं आहे, कशाचा मोसम उतरला, याची खबर दर गुरुवारी सगळ्यांच्या फोनवर जाई आणि ती अलका लिही. नवऱ्याची, अविनाशची, बँकेतली बदली झाली म्हणून ती इथे आली, आणि तो गेल्यावर या नोकरीपायी इथेच राहिली. 'लिची दिसतेय छान, पण आठवडाभर थांबा,' असं ती बिनदिक्कत लिहायची. माल विकणारेच थांबा म्हणतात म्हटल्यावर भल्याभल्या शेफ लोकांचा तिच्या शब्दावर विश्वास बसला होता. बावीस वर्षांचा विश्वास.

आणि खरी गोम अशी, की अलकाला वास येत नव्हता.

दीड वर्षापूर्वी ताप आला आणि वास येणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसला येतोय! फोडणीचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. कुणाला सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून तिनं एक फर्मान काढलं. माल निवडणाऱ्या प्रेमलतानं प्रत्येक पेटी आधी हुंगायची आणि मोठ्यानं सांगायचं. मग अलका तेच फळ नाकाशी धरी, डोळे मिटी आणि पेपर तपासणाऱ्या बाईंच्या थाटात म्हणे, "हं. ठीक बोली."

आज नेमकी तीच नव्हती. मुलीला गाडीत बसवायला हावड्याला गेली आणि परतताना तिची बस पुलावर अडकली. एरवी अलका थांबली असती. पण रविवारी अक्षय तृतीया. शहरातली तीसेक मराठी घरं हापूससाठी अलकाच्या भरवशावर होती. त्यांतली जुनी माणसं तर पितरांना आंबा दाखवल्याशिवाय तोंडात फोड घालत नसत.

तिनं एक आंबा उचलून देठाशी नाक नेलं. काही नाही. दाबून पाहिला. मऊ होता. रंग बरोबर, तारीख बरोबर. बावीस वर्षांत या आठवड्यात हापूस कधी फसला होता? 'कोकणचा हापूस. सुगंधी. आजच घ्या,' तिनं लिहिलं आणि पाठवून दिलं.

प्रेमलता बारा वाजता आली. पदरानं घाम पुसत तिनं एक आंबा उचलला, मग दुसरा, मग खालच्या थरातला तिसरा.

"दीदी, ये किसने पास किया?"

"मैंने."

प्रेमलतानं तो आंबा पुन्हा एकदा हुंगला. "इसमें तो कुछ नहीं है. डंठल के पास भी नहीं. ऊपर से रंग चढ़ाया है."

अलकानं सुरी घेतली. आत फिकट गर आणि मधोमध पांढरा साका. फोड तोंडात टाकली, तर जिभेला आंबट तेवढं कळलं. आपल्या मूर्खपणाचा तिला असा काही संताप आला, की सुरी टेबलावर आपटली गेली.

"पेट्या परत बोलाव," ती तन्मयला म्हणाली.

"काकू, गाड्या गेल्या! हॉटेलचं सोडा, ते साखर घालून शेक बनवतील. घरवाल्यांच्या दोन-चार तक्रारी तर दर वर्षी येतात."

"तक्रारी? अरे, वर्षाची पहिली फोड असते ती! आईबापांच्या नावानं पानात वाढतात. त्यात हे वाढायचं?"

"मग लिहा ना, गाडीत उशीर झाला, माल खराब झाला."

"गाडीनं काय घोडं मारलंय तुझं? चूक माझी आहे. मला वास येत नाही."

तन्मय गोंधळला. "म्हणजे, सर्दी?"

"दीड वर्षाची सर्दी असते का रे, गाढवा?"

मॅनेजरला गाढव म्हटल्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. प्रेमलतानं मात्र मान खाली घातली. "हमको पता है, दीदी. लीची के टाइम से. आप सड़ी लीची सूँघकर 'हं' बोली थीं. हमने चुपचाप हटा दी."

"तो बोली क्यों नहीं?"

"आपने पूछा नहीं."

वर्षभर ही बाई ते 'हं' ऐकत होती आणि हसली नव्हती. अलकानं फोन ओढला आणि लिहायला घेतलं:

'सकाळचा हापूस वापरू नका. रंग पिकलाय, फळ नाही. पेट्या परत घेतल्या जातील. मला दीड वर्ष वास येत नाही आणि ते मी लपवलं. या काळात जे बरोबर लिहिलं, ते प्रेमलतानं हुंगून सांगितलेलं होतं. आज ती नव्हती.'

तन्मय "काकू, थांबा" म्हणेपर्यंत ते गेलं होतं.

मग दिवसभर फोन. पेट्या परत आल्या. काहींनी धीर दिला, आणि तेवढ्यानंही ती चिडली. एका हॉटेलनं सरळ कळवलं, पुढच्या आठवड्यापासून तुमची खबर नको. तन्मयनं मालकांशी तासभर बोलून तिची नोकरी या महिन्यापुरती वाचवली. पुढचं पुढे बघू, असं मालक म्हणाले होते.

रविवारी अलकानं अविनाशच्या फोटोपुढे खीर ठेवली. आंबा नव्हताच. मग ती फोटोवरही चिडली, कारण या सगळ्याला पहिला तोच हसला असता. मग थोडी रडली.

गुरुवारी नव्या पेट्या आल्या. प्रेमलतानं हापूस उचलला, देठाशी हुंगला आणि लगेच म्हणाली, "अच्छा है."

"अच्छा म्हणजे? कैसा?"

"मीठा."

"मीठी तो चीनी भी होती है! ठीक से बताओ. मुझे लिखना है."

खरं तर लिहायला तेवढं पुष्कळ होतं. अलकाला तो वास हवा होता.

प्रेमलतानं तिच्याकडे नीट पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली, आंबा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. बाहेरून तन्मय ओरडला, "काकू, अकरा!" दोघींपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. प्रेमलता शब्द शोधत होती, आणि अलका फोन उघडून वाट पाहत होती.