पुढे पळणारं गाणं

सासरे घड्याळजी. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ सुधारली. अशा घरात सुनेने जुना रेकॉर्ड प्लेअर आणला आणि दिवसातून तीनदा एकच जुनं रॉकचं गाणं लावायला लागली.

"हे धिंगाणायंत्र उद्या माळ्यावर," रविवारी सकाळी सासऱ्यांनी फर्मान काढलं. "पोर बिघडेल."

सुनेने प्लेअरवर हात ठेवला. दिवसभर लाळेरी, लंगोट, अंगाई. गाण्याची ही पाच-पाच मिनिटंच काय ती तिची स्वतःची. पण ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, गाण्यात खोट दाखवा. मीच उचलून ठेवते."

घड्याळजीला खोट शोधायला सांगणं म्हणजे माशाला पोहायचं आमंत्रण! स्टॉपवॉच निघालं. डोळे मिटून ड्रमचे ठोके मोजले गेले.

"पहिल्या मिनिटात एकशे अठरा. शेवटच्यात एकशे एकतीस!"

पण माणूस न्यायी. आधी यंत्राची झडती. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून त्यांनी फेरे मोजले. मिनिटाला तेहेतीस आणि वर थोडं, म्हणजे हवे तितकेच. यंत्र निर्दोष सुटलं.

"म्हणजे वाजवणारेच पळतायत लेकाचे!"

"पळतायतच," सून म्हणाली. "म्हणून तर ते रॉक. चौघं शहाण्यासारखे चालत निघतात. मग गिटारवाल्याला राहवत नाही, गाणारा त्याच्यामागे धावतो, ड्रमवाला म्हणतो, थांबा रे, मलाही येऊ द्या! तुम्ही दारात दिसलात की तुमची नात काय मोजून रांगते?"

"सबबी नकोत. पक्का हात पळत नाही. लाव पुन्हा, दाखवतो." त्यांनी चमचा उचलला. एकशे अठराच्या चालीने टेबलावर ठोके सुरू झाले.

पहिलं मिनिट गाणं आणि चमचा जोडीनं चालले. मग गिटार उधळली. सासूबाईंच्या मांडीवर नात उड्या मारू लागली, तोंडातून लाळेची धार. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला, पण चमचा काही थांबला नाही. गाणं संपलं तेव्हा ड्रम आणि चमचा एकाच ठोक्यावर थांबले.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मागे राहायला हवं होतं ना?"

सासऱ्यांनी चमच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मग बाबा, माळ्यावर?" सुनेने हळूच विचारलं. ओठ दाबून धरले होते, तरी हसू निसटत होतं.

"दात काढू नकोस. मोजण्यात काहीतरी चुकलंय. पुन्हा लाव," ते गुरकावले. "आणि आवाज वाढव जरा. इतक्या हळू काय डोंबल मोजता येणार!"