हुकूम न मानणारा स्नायू

आमचे हे व्यायामशाळेत मास्तर. कुणाचे दंड बारीक असोत, कुणाचं लग्न मोडलेलं असो, ह्यांच्याकडे औषध एकच: "आणखी जोर लाव!" त्यामुळे स्वतःवर वेळ आली, तेव्हा ह्यांनी रोजच्या दुप्पट बैठका मारायला सुरुवात केली.

मला मात्र कशाचाच पत्ता नव्हता. पाठ दुखते म्हणून ह्यांची गादी बाहेरच्या खोलीत गेली, ती परत आलीच नाही. मी जवळ बसले, की ह्यांना नेमकी तहान लागायची. दोन बाळंतपणांनी सुटलेलं पोट मी आरशात बघायची आणि म्हणायची, संपलं बाई आपलं. शेवटी एका सकाळी माझा तोल गेला. ह्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि वर विचारून बसले, "दुसरी कुणी आहे का?"

हा एवढा दांडगा माणूस, खाली मान घालून म्हणाला, "दुसरी कुठली! तुझ्याच जवळ यायची भीती वाटते. ऐन वेळी शरीर साथ देत नाही."

डॉक्टरीणबाईंकडे मीच ओढत नेलं. त्यांनी रक्तदाब बघितला, साखर तपासली. सगळं ठीक निघालं. बैठकांची हकिकत ऐकून मात्र त्यांना हसू आवरेना.

"मास्तर, तिथल्या रक्तवाहिन्यांत आणि आतल्या स्पंजासारख्या जाळीत वेगळाच स्नायू असतो. तो दंडासारखा आपला हुकूम मानत नाही. एरवी तो आवळलेलाच असतो. तो सैल पडला, की रक्त आत भरतं आणि ताठरपणा येतो. तुम्ही धास्ती घेतली, की शरीर त्याला आणखी आवळून धरतं. मग रक्त शिरणार कुठून?"

"म्हणजे जोर लावला की..."

"उलटंच होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बिचाऱ्या मांड्यांनी इतके दिवस फुकट शिक्षा भोगली.

"मग मी करू तरी काय?" ह्यांनी विचारलं.

"घाई करू नका. बायकोशी बोला. त्या स्नायूला सैल पडायला मदत करणारी गोळी असते, लागली तर ती देईन."

घरी आलो तेव्हा मुलं शाळेत होती. हे पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखे बसले.

"तुझा हात लागला, की मला वाटायचं, आता परीक्षा," हे म्हणाले.

"आणि मला वाटायचं, मी नापास झाले." एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं घाबरून पडलो होतो, आणि मी मेली ह्यांच्यावरच संशय घेत होते.

ह्यांनी मला जवळ ओढलं. मग दचकून म्हणाले, "पण आज काही होणार नाही हं, आधीच सांगतो."

"नको होऊ दे," मी म्हणाले. "तुम्ही फक्त उठून जाऊ नका."