झाकणाच्या खाचेतलं तेल

“डबा घासून आणायची ही काय नवी थेरं?” मनोरमाबाईंनी झाकण उजेडात धरलं. “इतकी वर्षं उष्टा डबा माझ्यापुढं आदळलास. आता ऑफिसात भांडी घासतोस?”

“पॅन्ट्रीत नळ आहे, आई.” सुजीत टायची गाठ सोडत होता. त्याची बायको अनुपमा शाळेच्या वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

“आणि आज चमचा हरवून आलास.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या दुबईतल्या फ्लॅटची बेल वाजली. दारात वॉचमन याकूब, हातात चमचा.

“अम्मा, साहब का है. कल डब्बा धोया, मेरे कमरे के नल पे रह गया.”

“साब तो देरा में है. ऑफिस में.”

याकूबनं एकदा त्यांच्याकडं, एकदा चमच्याकडं पाहिलं. “नीचे गाडी में हैं अम्मा,” तो हळूच म्हणाला. “रोज.”

मनोरमाबाईंनी गॅस बंद केला आणि चमचा हातात तसाच घेऊन, घरातल्याच सपाता घालून त्या लिफ्टनं खाली गेल्या. पार्किंगमध्ये, मायदेशी परतलेल्या मालकांनी टाकून दिलेल्या चार-पाच गाड्या वाळूनं पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांच्या पलीकडं, आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर सुजीत बसला होता. गळ्यात टाय, मांडीवर लॅपटॉप, शेजारी डबा.

त्याचा हात आधी लॅपटॉप मिटायला गेला. मग त्यानं दार उघडलं. त्या आत बसल्या.

“कधीपासून?”

“जानेवारी. आमचा सगळा सेक्शनच काढला. टॉवर अर्धे राहिले, ड्रॉइंग कुणाला हवीत?”

“आणि हे काय?”

“अमेरिकेतल्या गावांची माहिती लिहितो, एका वेबसाइटसाठी. जॉर्जिया म्हणून दक्षिणेकडचं राज्य आहे. तिथली लहान गावं, काउंट्या. काउंटी म्हणजे आपला तालुका धर. जमीन किती, पाणी किती, माणसं किती. रोज बारा गावं होतात.”

मनोरमाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. पण फोन लावून लावून इंग्रजी आकडे पाठ झाले होते. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“आठशे बारा. ही माणसं?”

“हो.”

“आणि हे एकेचाळीस?”

“रिकामी घरं.”

“रिकामीसुद्धा मोजतात?”

“मोजतात.”

“ती माणसं का गेली, ते?”

“ते लिहायचं नसतं.”

बोट एकेचाळीसवरच राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाच्या दाराला फेब्रुवारीपासून कुलूप होतं. कुंदा दातांची डॉक्टर. तिच्या नवऱ्याची, विष्णूची नोकरी डिसेंबरात गेली, तेव्हा मनोरमाबाई भरल्या लिफ्टमध्ये तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या, “बायकोच्या व्हिसावर राहायचं म्हणजे तिच्या पर्समध्ये राहायचं.” लोक हसले होते. सुजीत मागं भाजीची पिशवी घेऊन उभा होता. नवऱ्याबरोबर कायमची पुण्याला जाताना कुंदानं त्यांचा चिवड्याचा वाडगा दाराबाहेर ठेवला होता. रिकामा. साखरेचे चार दाणेसुद्धा त्यात नव्हते. पोरीला रीत नाही, असं त्यांनी महिनाभर बिल्डिंगला ऐकवलं.

“व्हिसा कुणाचा आहे आता तुझा?”

सुजीतनं खिडकीबाहेर पाहिलं. “अनुपमाचा.”

“म्हणजे तिला माहीत आहे. याकूबला माहीत आहे.”

मनोरमाबाईंनी पदरानं चमचा पुसला. स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला. मग डबा उचलून मांडीवर घेतला. जड होता, अजून उघडलेला नव्हता.

“कुंदाचा पुण्याचा नंबर आहे तुझ्याकडं?”

“असेल. काय सांगायचंय तिला?”

खाली उतरून सपात शोधायला त्यांना बराच वेळ लागला. त्या वाकलेल्याच होत्या. मग सरळ झाल्या, डब्याच्या झाकणाच्या खाचेतून बोट फिरवलं आणि ते सुजीतपुढं धरलं.

“तुला डबा घासता येत नाही, सुजीत. बघ, खाचेत तेल राहतं. वर चल. यापुढं जेवण घरात, आणि भांडी मी घासणार.”