सुतकाच्या दारातली ढोलकी

नाताळच्या आदल्या संध्याकाळी वत्सलाबाईने दार सताड उघडं ठेवलं, ओटा सारवला आणि ताटलीत गूळ-शेंगदाणे काढले. एवढं करूनही घरोघर नाताळची गाणी गात फिरणारी मंडळी आपल्या दारात थांबणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रीतच तशी होती. एकलहऱ्याजवळच्या या वस्तीत पेठच्या डोंगराळ भागातून मजुरीला आलेली काही ख्रिस्ती घरं होती. देव बदलला, पण डोंगरातलं सुतक कुणी तिथे ठेवून आलं नव्हतं. घरात मयत झालं की पुढे त्या घरात लग्न किंवा बारसं होईपर्यंत नाताळची ढोलकी तिथे वाजायची नाही. मंडळी खाली मान घालून मुक्याने पुढे जायची. दुःखी माणसाला कशाला डिवचायचं, एवढाच त्यामागचा चांगुलपणा. आणि हे वस्तीत आणलं कुणी? वत्सलाबाईच्याच नवऱ्याने, बारकूने. ढोलकी त्याच्या गळ्यात असायची. त्याने हात आवरला की सगळे गप्प.

आता तोच बारकू खाटेला खिळला होता. पोटातली गाठ बघून नाशिकच्या डॉक्टरांनी ‘घरी न्या, खाऊ वाटेल ते द्या’ म्हणून हात टेकले होते. त्याआधी पावसाळ्यात एकुलती एक लेक रोशनी काविळीने गेली. मागच्या नाताळला आत दिवा लावलेली कागदाची चांदणी गाणाऱ्यांच्या पुढे तीच मिरवत होती. चर्चचे पाळक येऊन प्रभूतल्या आनंदाचं बोलू लागले की बारकू भिंतीकडे तोंड करायचा. वत्सलाबाईलाही त्या शब्दाची चीड यायची. आनंद म्हणे! जरा इथे राहून बघा म्हणावं.

पण आज सकाळी बारकू आपणहून बोलला होता. ‘‘वत्सले, यंदा ढोलकी ऐकायला भेटल का गं?’’ लेक गेल्यापासून त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. ती दुपारी धनराजकडे निघालीही, ढोलकी आता त्याच्याकडे होती. अर्ध्या वाटेवरून परतली. पोरीला जाऊन वर्ष झालं नाही आणि हिला गाणंबजावणं सुचतंय, असं लोक म्हणतील, या धास्तीने तिचे पाय पुढे पडेनात.

दिवेलागणीला ढोलकी जवळ आली. शेजारच्या घरी गाणं झालं, हसणं झालं. मग एकदम शांत. फक्त चपलांचा आवाज दारावरून पुढे सरकत गेला.

‘‘गेले?’’ बारकूने विचारलं.

‘‘हा.’’

तो आढ्याकडे बघत बोलू लागला. ‘‘झुंबरबाईच्या दारातनं मी असाच जायचो. दरसाल. नवरा गेला तिचा, मूल ना बाळ, तिच्या घरी कुठलं लगीन आन कुठलं बारसं? मला वाटायचं, बरं करतोय मी.’’ त्याने उघड्या दाराकडे पाहिलं. ‘‘असं वाटत आसल तिला. जिवंतपणी गाडल्यासारखं.’’

वत्सलाबाई उठली ती अनवाणीच धावली.

‘‘धनराजभाऊ, मागं फिरा!’’

धनराज गोंधळला. ‘‘वहिनी, तुमच्या घरी एवढं दुःख...’’

‘‘दुःख हाय म्हणूनच बोलावते. सुखाच्या घरी कुनीबी वाजवतं.’’

मंडळी आत आली. सुरुवातीला ढोलकी दबकतच वाजली, मग धनराजचा हात मोकळा झाला. बारकूचं एक बोट खाटेच्या लाकडावर ठेका धरू लागलं, चुकत, मागे पडत. तो रडत होता आणि हसतही होता. वत्सलाबाईच्या तोंडून सूर कधी फुटला, तिचं तिलाच कळलं नाही. रोशनी परत आली नव्हती. गाठ तसूभर कमी झाली नव्हती, नवरा उन्हाळा बघणार नव्हता. तरी तिला आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली.

दुसरं कडवं चालू असताना बारकूने हात वर केला. ‘‘बास. झुंबरबाईकडं जा आता. दारात पोचल्यावर हात आवरू नको, धनराज.’’

मंडळी गेली. ताटलीतले गूळ-शेंगदाणे तसेच राहिले. वत्सलाबाई दारात उभी राहिली. वस्तीच्या टोकाला झुंबरबाईच्या अंधाऱ्या घरापर्यंत चांदणी पोचलेली तिला दिसली.

आतून बारकूने दमलेल्या आवाजात विचारलं, ‘‘थांबली का?’’

तिने पदराने डोळे पुसले.

‘‘नाय,’’ ती म्हणाली. ‘‘वाजतीय.’’