रविवारचे अडीच सेंटिमीटर

नदीकाठच्या चौकीत बसून सव्वीस वर्षं पाण्याची पातळी लिहिणं ज्याला सोपं वाटतं, त्याने ते आठवडाभर करून पाहावं आणि मग बोलावं. आप्पांनी ते केलं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक नोंद, रात्रपाळी दुसऱ्याची. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना ‘एकही दिवस गैरहजर नाही’ असं प्रशस्तिपत्र दिलं. आप्पांनी ते बैठकीच्या खोलीत अशा जागी टांगलं की आल्यागेल्याची ते वाचल्याशिवाय सुटका नसे.

त्यांची सून त्याच खात्यात संशोधक होती. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. सासूबाईंना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. त्या आप्पांच्या निवृत्तीआधी चार वर्षं गेल्या. समुद्र चाळीस किलोमीटर लांब, तरी भरतीचा जोर नदीत कुठवर पोचतो हे तिला शोधायचं होतं. ते कळलं तर खालच्या वस्तीला पुराचा इशारा वेळेवर देता येणार होता. म्हणून तिने सासऱ्यांच्या सगळ्या नोंदी संगणकात भरल्या आणि त्यांचं वर्णपट विश्लेषण केलं. नाव भारदस्त आहे, काम साधं. खोलीत पाच जण एकदम बोलत असले तरी सरावलेला कान ज्याचा त्याचा आवाज वेगळा काढतो, तसंच हे. पाण्याच्या चढउतारात किती किती वेळाने येणाऱ्या लाटा मिसळल्यात, ते आलेखावर एकेक सुळका होऊन उभं राहतं. बारा तास पंचवीस मिनिटांचा सुळका चंद्राचा, बारा तासांचा सूर्याचा. दोघेही हजर होते. त्यांच्या पंगतीला एक आगंतुकही बसला होता, बरोबर सात दिवसांचा.

“चंद्राला वार कळत नाहीत,” मोठे साहेब म्हणाले. “दर रविवारी सुट्टी घेऊन तुमच्या सासऱ्यांनी घरी बसून आकडे ठोकून दिलेत. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सव्वीस वर्षांच्या वह्या रद्द. नंतर बसवलेल्या यंत्राच्या तीन वर्षांच्या नोंदींवर भागवू.”

त्या तीन वर्षांत नदीने एक धड पूरही पाहिला नव्हता. आणि आप्पा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्यांना खोटारडं म्हणायचं कोणत्या तोंडाने?

सुनेने नोंदी वारांप्रमाणे वेगळ्या केल्या. रविवारी सकाळी सहाला नदी अडीच सेंटिमीटर चढत होती आणि संध्याकाळी सहाला निमूट उतरत होती. रात्रपाळीच्या नोंदींत त्याचा मागमूस नव्हता. बरं, रविवारच्या आकड्यांतही भरती-ओहोटी अगदी मिनिटाबरहुकूम होती. आकडे मनाने लिहिता येतात, चंद्र लिहिता येत नाही. म्हणजे रविवारी कुणीतरी चौकीत बसून नदीकडे नीट बघत होतं.

सकाळी नवरा दाढी करत असताना तिने त्याला विचारलं.

“आप्पांनाच विचार,” तो म्हणाला आणि साबण लावलेल्या गालाला पुन्हा साबण लावू लागला. ताकास तूर लागू देईना.

आप्पा गॅलरीत जुन्या गळाची दोरी सोडवत बसले होते. तिने आलेख समोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

“कळतं होय हे आकड्यांवरून?”

“कळतं.”

“तुझ्या सासूबाई बसायच्या,” आप्पा दोरीकडे बघत म्हणाले. “मी मासे धरायला जायचो. आठवड्यातून एक दिवस नदीकडे नुसतं बघावंसं वाटायचं, लिहिण्यासाठी नाही.”

एवढ्या वर्षांत त्यांनी घरी आणलेले मासे बोटांवर मोजण्याइतके, ही गोष्ट वेगळी.

“पण आकडा चढा कसा?”

“पाण्याबरोबर वरखाली होणारा काटा आकड्यांच्या पट्टीच्या चार बोटं पुढे होता. उभं राहून, डोळा काट्यासमोर धरून वाचायचं. ही स्टुलावर बसून विणायची आणि तिथूनच वाचायची. खालून बघितलं की काटा वरचा आकडा दाखवतो. दहादा सांगितलं, उठून वाचत जा. म्हणायची, एवढ्याशाने काय नदी बुडतेय?”

सुनेला हसू आलं. न पाहिलेली सासू तिला त्या क्षणी आवडली. पण एक गाठ अजून सुटली नव्हती.

“आप्पा, त्या गेल्यावरची चार वर्षंही रविवार तसाच आहे. अडीच सेंटिमीटर चढाच. तेव्हा कोण बसायचं?”

आप्पांनी दोरी खाली ठेवली.

“मीच. मासे धरायला नंतर गेलोच नाही. रविवारी तिच्या स्टुलावर बसायचो आणि तिथूनच वाचायचो. चूक आहे हे मला कळत होतं गं. पण उठून वाचलं असतं, तर रविवारही माझाच झाला असता.”

सुनेने बजावलं, “हे लिहिलं तर प्रशस्तिपत्र परत मागतील.”

“आणि नाही लिहिलं तर वह्या रद्दीत. मग लिही. हातचं राखून लिहू नकोस. रविवारी वाचणारी कोण होती, तेही लिही.”

तिने तसंच लिहिलं. साहेब दोन दिवस कुरकुरले, नियम दाखवला. पण चंद्रापुढे त्यांचंही काही चाललं नाही. दुरुस्ती करून वह्या वापरायच्या ठरल्या. प्रशस्तिपत्र आप्पांनी ते परत मागणारं पत्र यायच्या आधीच काढून तिच्याकडे दिलं.

दुरुस्ती तिने घरीच केली, आप्पांना शेजारी बसवून. दिवसपाळीच्या सगळ्या रविवारांतून अडीच सेंटिमीटर वजा केले आणि विश्लेषण पुन्हा चालवलं. चंद्र जागेवर होता, सूर्य जागेवर होता. सात दिवसांच्या जागी सपाट रेघ होती.

आप्पा पडद्याजवळ वाकले. “गेली?”

“गेली.”

“बरोबर आलं म्हणायचं.” त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “खात्याला हाच आलेख दे. आधीचा, चुकीचा, तेवढा मला छापून दे.”