सप्टेंबरअखेरची यादी

वेर्ना स्टकीने फाईल टेरेन्सच्या अंगावर फेकली नाही, टेबलावर आपटली. एवढाच काय तो संयम.

"पुन्हा हेच?"

"दोनच ओळी आहेत, जज." टेरेन्स अकरा वर्षं तिच्या निकालांचे मसुदे लिहीत होता. "सही केलीत की यादीतून बाहेर."

यादी. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरअखेर, अमेरिकेतल्या संघीय न्यायाधीशांची नावं छापतात. कोणाकडे सहा महिन्यांहून जुने किती अर्ज पडलेत ते. दंड नाही, शिक्षा नाही. खुर्ची मरेपर्यंतची, राष्ट्राध्यक्षालाही हलवता येत नाही. आणि हे सगळे घाबरतात कशाला? छापील नावाला! तीही. बावीस वर्षांत तिचं एकदाही आलं नव्हतं.

आज तीस सप्टेंबर. सव्वातीन.

(मसुदा, टेरेन्सचा: अर्जदार लॉनी व्हासेक, कैदी. मधुमेह, पायाला जखम, तुरुंगात उपचार नाहीत. अर्ज अपुरा. नव्याने करण्याची मुभा.)

"अपुरं काय आहे यात? पाय?"

टेरेन्सने पेन पुढे केलं.

फोन. वरच्या मजल्यावरून मुख्य न्यायाधीश ड्वाइट होल्कम. "वेर्ना, आपल्या कोर्टाची पाटी कोरी ठेवायचीय. सगळं तुझ्यापाशी अडलंय, बरं का."

"माणसाचा पाय सडतोय, ड्वाइट."

"मग करू दे नवा अर्ज. गेल्या सप्टेंबरात तू हेच केलंस की."

केलं होतं. हाच माणूस, ह्याच दोन ओळी. संध्याकाळी, पाटी कोरी राहिली म्हणून, गाजराचा केकही कापला होता. नोव्हेंबरात व्हासेकने पेन्सिलीने पुन्हा लिहिलं. तुरुंगाचे वकील मुदती मागत राहिले, ती देत राहिली.

(व्हासेकचा अर्ज, पान दोन: मागच्या अर्जात डाव्या पायाला पाच बोटं लिहिली होती. आता दोन आहेत. दुरुस्ती करून घ्यावी.)

दुरुस्ती करून घ्यावी! तिने फोन आदळला, मसुद्यावर तिरपी रेघ ओढली.

(आदेश, वेर्नाचा: व्हासेकला आज सहाच्या आत शहरातल्या इस्पितळात न्यावं. तुरुंगाच्या अधीक्षकाने उद्या नऊला समक्ष हजर व्हावं. वकील पाठवू नये.)

"मग 'मंजूर' म्हणा ना, जज. तसंही यादीतून निघेल."

"आणि फाईल बंद होईल. बंद फाईलवर अधीक्षकाला उद्या उभा कसा करू? राहू दे उघडी. छापू देत नाव."

"यादीतल्या कारणाच्या रकान्यात 'गुंतागुंतीचं प्रकरण' घालू?"

"गुंतागुंत कसली, डोंबलाची? लिही, न्यायाधीशाने गेल्या वर्षी यादीपायी लॉनी व्हासेकला हाकललं."

"असं कोणी लिहीत नाही, जज."

"लिही!"

पावणेपाचला तुरुंगातून फोन. अधीक्षकाचा हाताखालचा. "आज गाडी नाहीये, मॅडम. सोमवारी बघू."

मग चालवत आणा, असं तिच्या तोंडून निसटणारच होतं. तिने जीभ चावली, आणि त्याचाही तिला संताप आला.

"माझ्या कोर्टाचे मार्शल निघालेत, गाडी घेऊन," ती म्हणाली. "फाटक उघडून ठेवा."